बाबांची हजेरी

नंदनवन, नागपूर
३ ऑगस्ट २०२५

ताई,

अक्षर ओळखूनही तू पाकीट फाडून टाकलं नाहीस, इथवर वाचलंस, तर आधी त्याबद्दलच आभार मानते. मी हर्षा. आपण बोललो नाही त्याला पाच वर्षं होत आली. तू माझा नंबर ब्लॉक केलास तेव्हा मी दहावीत होते, आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तुझा पुण्याचा पत्ता आईला येणाऱ्या दिवाळीच्या पार्सलवरून उतरवून घेतला. आईला हे सांगितलेलं नाही.

लिहायचं कारण असं, की आमच्या कॉलेजात यंदा एक नवीन गोष्ट सुरू झाली आणि ती पाहून मला पहिली तुझी आठवण आली. वर्गात येऊन बसायचं की घरून फोनवर, हे ज्याचं त्याने रोजच्या रोज ठरवायचं. अर्ज नाही, कारण सांगणं नाही. तास एकच, मॅडम त्याच, हजेरी दोन्हीकडे सारखी. फळ्यासमोर कॅमेरा लावलाय. पहिल्या बाकावर एक टॅब्लेट उभा करून ठेवतात, त्यात आम्ही घरचे लोक चौकोनाचौकोनांत दिसतो. साठांच्या वर्गात पंधरा-वीस तरी रोज चौकोनात असतात. एक जण भिवापूरहून बसतो, मागे गाय हंबरते. एका मुलीचं पाच महिन्यांचं बाळ आहे. ते रडलं की ती आवाज बंद करते आणि मग तिचं तोंड नुसतं हलताना दिसतं, अंगाई म्हणत असावी.

आपल्याकडे टाळेबंदीत एकच फोन होता, आठवतं ना? सकाळी आठ ते दहा माझी शाळा, मग तुझं कॉलेज, आणि मधेच बाबांच्या दुकानातून फोन आला की दोघींचा तास गेला. तेव्हा घरून शिकणं ही सक्ती होती. आता ज्याला पाहिजे त्याला वर्गाचं दार उघडं आहे आणि ज्याला जमत नाही त्याचं नाव कटत नाही. तुझ्या वेळी हे असतं तर, असं सारखं मनात येतं.

मी घरूनच बसते. सोयीचं पडतं, बसचा वेळ वाचतो. आई सकाळी सहाला कांताबाईंच्या मेसवर पोळ्या लाटायला जाते ती दोनला येते. बाबा बरे आहेत. सध्या दुकानात जात नाहीत, घरी आराम चालू आहे.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

हर्षा


३१ ऑगस्ट २०२५

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बाबा बरे नाहीत.

सतरा जूनला गांधीबागच्या दुकानात ते गिऱ्हाइकापुढे साडी पसरून उभे होते. पदर दाखवता दाखवता त्यांचे शब्द अडखळायला लागले. मधुसूदन शेठना वाटलं, नत्थूजी थट्टा करून राहिले. मग उजव्या हातातून साडी सुटली आणि बाबा गादीवर बसले ते उठलेच नाहीत. शेठनी दुकान तसंच उघडं टाकलं, बाबांना स्वतःच्या गाडीत घातलं आणि अर्ध्या तासात धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर आज वेगळं बोलावं लागलं असतं. शेठचं नाव मी रोज एकदा मनात घेते.

अकरा दिवसांनी घरी आणलं. उजवा हात अजून लुळा आहे, पाय ओढत चार पावलं टाकतात. पण मोठं नुकसान बोलण्याचं झालंय. सगळं कळतं त्यांना, सांगितलेलं ऐकतात, पेपरातले फोटो बघून मान हलवतात, पण तोंडातून एकच शब्द येतो, "ते". पाणी हवं तरी "ते", पंखा बंद कर तरी "ते". आपल्याला कळलं नाही की डावा हात कपाळावर मारून घेतात.

आई तुझ्याशी महिन्यातून एकदा फोनवर बोलते आणि तरी तिने हे सांगितलं नाही, म्हणून तिच्यावर चिडू नकोस. ऐकून तू नोकरी सोडून धावत येशील, नाहीतर ऐकूनही येणार नाहीस, या दोन्हींची तिला सारखीच भीती वाटते.

आईला मेस सोडणं शक्य नव्हतं, म्हणून मी कॉलेज सोडायचं ठरवलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नाव काढायचा अर्ज घेऊन गेले. ऑफिसच्या बाहेर शामला मॅडम भेटल्या, आम्हाला मराठी शिकवतात त्या. माझ्या हातातला कागद त्यांनी उलटा करून वाचला.

"नाव काढतेस?"

"घरी अडचण आहे, मॅडम."

"अडचण किती वाजेपर्यंत असते?"

मी म्हटलं, "दोनपर्यंत."

"मग राहू दे हा कागद. यंदापासून घरून बसायची सोय आहे. जमेल त्या दिवशी ये, नाही जमलं तर तिथून बस."

"पण मॅडम, अडचण अशी आहे की..."

"मला सांगायची गरज नाही. कोणालाच सांगायची गरज नाही, म्हणून तर ती सोय आहे."

ताई, त्यांनी कारण विचारलं असतं तर मी तिथेच रडले असते आणि मग परत कधी त्यांच्यासमोर उभी राहिले नसते. न विचारणं हेही कोणी आपल्यासाठी करू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता माझी सकाळ अशी असते. बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी बसते. एका कानात वर्ग, दुसरा कान बाबांसाठी मोकळा. कॅमेरा बंद ठेवते, कारण मागे दोरीवर काय काय वाळत असतं. अर्थशास्त्राच्या तासाला त्यांना सांजा भरवते, इतिहासाच्या तासाला हाताचे व्यायाम. वही मांडीवर असते. तिच्यावर डाग पडलेत, पण नोट्स पूर्ण आहेत.

एकटं वाटतं, नाही असं नाही. वर्गात काहीतरी गंमत होते, सगळे हसतात, आणि मला फक्त हसणं ऐकू येतं. गंमत काय होती ते कळत नाही. पण टॅब्लेटच्या बाकावर अनिश नावाचा मुलगा बसतो, यंदाच दुसऱ्या कॉलेजातून आलाय. तो आता न चुकता टाइप करून पाठवतो, "सरांचा खडू पंख्याला लागून परत त्यांच्याच डोक्यावर पडला." मॅडम कॅमेऱ्याच्या बाहेर गेल्या की टॅब्लेट उचलून त्यांच्याकडे फिरवतो. मी त्याला कधी भेटलेली नाही. कोणी त्याला हे करायला सांगितलेलंही नाही.

तुला बोलावण्यासाठी हे लिहीत नाही. तसं बोलावायचा हक्क मला नाही. का नाही, तेही सांगेन, पण आज हिंमत नाही.

हर्षा


५ ऑक्टोबर २०२५

ताई,

बाबा बोलले! आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

झालं असं, की घरून बसणाऱ्यांपैकी काही जण नुसतं फोनवर वर्ग लावून झोपायला लागले होते. एकाचा कॅमेरा चुकून चालू राहिला आणि तो फुटाळा तलावाच्या काठावर कणीस खाताना सगळ्या वर्गाला दिसला. प्राचार्य म्हणाले, बंद करा हे घरून बसणं. शामला मॅडम त्यांच्याकडे जाऊन आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "सोय राहील. पण उद्यापासून हजेरी तोंडी. नाव घेतलं की माइक उघडायचा आणि स्वतःच्या आवाजात 'हजर' म्हणायचं. मराठीच्या तासाला 'येस मॅम' चालणार नाही."

मला रागच आला होता. हात खरकटे असताना फोन कसा धरायचा? आणि मॅडम नावं घेतात ती पूर्ण, कारण आमच्या वर्गात हर्षा दोन आहेत. दुसरी हर्षा महादेवराव, मी हर्षा नत्थूजी. त्यातून इयरफोनची वायरच तुटली होती, म्हणून त्या दिवशी फोन मोठ्या आवाजावर खाटेवर ठेवलेला.

चोवीस सप्टेंबर, बुधवार, नऊचा तास. मॅडम नावं घेत होत्या. मी कोपराने माइक उघडला, एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा.

"हर्षा नत्थूजी बारापात्रे."

मी तोंड उघडलं आणि माझ्या मागून आवाज आला, "हजर."

स्पष्ट. जरा घोगरा, पण अगदी बाबांचाच. दुकानात शेठनी हाक मारली की ज्या आवाजात "आलो" म्हणायचे ना, तो.

वर्गात हशा पिकला. मॅडम म्हणाल्या, "हर्षा, हे कोण बोललं?" माझ्या हातातली वाटी कुठे गेली मला माहीत नाही. कसंबसं म्हटलं, "माझे बाबा आहेत, मॅडम. जूनमध्ये त्यांना लकवा मारला. तेव्हापासून बोलले नव्हते. हा पहिला शब्द आहे."

फोनमधला हशा थांबला. मग मॅडम म्हणाल्या, "नमस्कार, नत्थूजी. बसा." आणि पुढचं नाव घेतलं.

मला त्यांचं ते पुढचं नाव घेणं फार आवडलं, ताई. वर्गाने टाळ्या वाजवल्या असत्या, मॅडम हळहळून चार शब्द बोलल्या असत्या, तर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले असते. त्याऐवजी ते तासभर उशीला टेकून ताठ बसून राहिले. मॅडमनी बसा म्हटलं होतं ना!

दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की हुकूम केल्यावर शब्द येत नाहीत, सवयीच्या वाटेने येतात. आकडे, आरती, आपलं नाव. माझ्या हजेरीत त्यांचं नाव रोज येत होतं, पण इयरफोनमुळे त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. आणि 'हजर' ते माझ्या तोंडून रोज ऐकत होते.

दोनला आई आली. तिला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "मले बी ऐकू द्या ना एकदा," म्हणत बाबांच्या समोर बसली. बाबांनी खूप जोर लावला आणि निघालं, "ते." आईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आई, असं नाही होणार. त्यांचं नाव घ्यावं लागते."

"मी काहून घेऊ वं त्याईचं नाव?"

तीस वर्षांत तिने कधी घेतलेलं नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा ती मलाच पुढे करायची. पाच मिनिटं नुसती पदराशी खेळत बसली. मग दाराची कडी लावून घेतली, खाली बघितलं आणि हळूच म्हणाली, "नत्थूजी बारापात्रे."

"हजर," बाबा म्हणाले.

आई हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाबाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

आता मॅडम माझं नाव घेऊन थांबतात. आधी बाबा, मग मी. वर्गाला सवय झालीय. मी एक दिवस वेळेवर आले नाही तर अनिशने टाइप केलं, "काका कुठे आहेत?"

हर्षा


१६ नोव्हेंबर २०२५

ताई,

पार्सल मिळालं. दर वर्षी फक्त आईचं असतं. यंदा आईच्या स्वेटरखाली हाताने दाबायचा रबरी चेंडू निघाला. कोणासाठी ते लिहिलेलं नव्हतं. बाबा तो दिवसभर उजव्या मुठीत धरून असतात, अजून दाबता येत नाही. म्हणजे तू पत्रं वाचतेस. म्हणून आता मला लिहिलंच पाहिजे.

बुधवारी तास चालू असताना नेट संपलं. मॅडमचा चेहरा थिजला आणि मधे ते गोल चक्र फिरायला लागलं. मी म्हटलं, "नेट संपलं, बाबा." नेहमीसारखंच बोलले. पण बाबा एकदम कासावीस झाले. खाटेवरून उतरायला लागले, चप्पल शोधायला लागले. "पेपर," म्हणाले. "पेपर... दामी... पेपर." आणि तुझं नाव घेत हुंदके देऊन रडायला लागले. ताई, ते त्या दिवसात जाऊन पोचले होते. ऑक्टोबर २०२०, तुझा शेवटच्या वर्षाचा ऑनलाइन पेपर.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोलले, "बाबा, ते मी केलं होतं."

त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "माहीत," म्हणाले. "माहीत."

आता तुला सांगते. त्या दिवशी माझी शाळा नव्हतीच. बाईंना ताप होता. मी ते कोणाला सांगितलं नाही. फोन घेऊन गच्चीवर गेले आणि साडेदहापर्यंत नाचाचे व्हिडिओ बघत बसले. दिवसाचं नेट संपलं, ते मला दिसलं. तुझा पेपर अकराला आहे हेही माहीत होतं. तरी मी खाली येऊन फोन तुझ्या हातात दिला आणि आंघोळीला गेले. न्हाणीघरात पाणी सोडून उभी होते, तेव्हा तुझा आवाज येत होता, "लागून नाही राहिलं, बाबा, लागून नाही राहिलं!"

तू फोन घेऊन गल्लीतल्या दारादारात गेलीस. कोरोनाच्या भीतीने कोणी दार उघडलं नाही. बाबा सायकल घेऊन रिचार्जसाठी उघडं दुकान शोधत फिरले आणि सव्वाबाराला आले. तासाभराचा पेपर संपून गेला होता. दुकानदाराने त्यांना सांगितलं असणार की पॅक चालू आहे, फक्त आजचं नेट वापरून झालंय. कारण आत आल्यावर बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि तुला म्हणाले, "माह्यंच चुकलं, पोरी. रिचार्ज मीच विसरलो."

तू त्यांना जे बोललीस ते मी पुन्हा लिहीत नाही. "तुम्हाले मी शिकलेली पाहिजेच नव्हती," एवढं मात्र मला अजून ऐकू येतं. त्यांनी ते ऐकून घेतलं. तुझी ठरलेली नोकरी त्या निकालावर होती, ती गेली. पुन्हा परीक्षा होणार होती, पण तू फॉर्म भरला नाहीस, जानेवारीत पुण्याला निघून गेलीस. आणि मी, सगळं माझ्यामुळे झालेलं असताना, तुला मेसेज केला, "बाबांना सॉरी म्हण." तेव्हाच तू मला ब्लॉक केलंस. बरोबरच केलंस.

लहान होते हे मी स्वतःला खूप वेळा सांगून पाहिलं. पण त्यानंतर मी मोठी झाले आणि तरी बोलले नाही. बाबा गप्प राहिले ते मला वाचवायला. आपल्या दोघींत तेढ यायला नको, म्हणून त्यांनी तुझा राग स्वतःवर घेतला, आणि तू त्यांच्यापासून तुटलीस.

माफी मागायला हे लिहीत नाही. फक्त राग ज्याच्यावर करायचा तो माणूस बदल.

हर्षा


११ जानेवारी २०२६

ताई,

तुझं पाकीट बावीस डिसेंबरला आलं. चारच ओळी. मला पाठ झाल्यात. "राग आहे. तो कमी होईल की नाही माहीत नाही. तुझ्याशी काय बोलू ते सुचत नाही. मला बाबांना आधी लांबून बघायचंय, तुझ्या तासाचा कोड पाठव." यापेक्षा जास्तीची मी आशा केली नव्हती.

शामला मॅडमना विचारलं, माझी बहीण एक दिवस तासाला आली तर चालेल का? म्हणाल्या, "वर्गात पाहुणा आला तर आपण खुर्ची देतो. इथे तर तीही द्यावी लागत नाही."

शुक्रवारी सकाळी मी बाबांची दाढी केली. दुकानात घालायचे तो करडा शर्ट त्यांना घातला. दोरीवरचे कपडे काढून आत टाकले आणि सात महिन्यांत पहिल्यांदा कॅमेरा चालू केला. बाबांना काही सांगितलं नव्हतं. तू नाही आलीस तर, म्हणून.

नऊ वाजून चार मिनिटांनी एक काळा चौकोन आला. नाव नाही, नुसतं 'डी'.  मॅडमनी तो पाहिला असणार. नावं घेत घेत आमच्यापाशी आल्या. बाबा म्हणाले, "हजर." त्या दिवशी तर पुढे स्वतःहून म्हणाले, "मॅडम." हा नवीन शब्द होता, तुझ्याच वाट्याला आला.

तेवढ्यात तुझा माइक उघडला.  मागे कुठेतरी मशीन चालल्याचा आवाज येत होता, आणि तू नाक ओढलंस. एवढंच. मग चौकोन गेला.

बाबांनी वाकून फोनवर, जिथे तो चौकोन होता तिथे, बोट ठेवलं. "दामी," म्हणाले. मी त्यांना सांगितलं नव्हतं, ताई. नाक ओढण्यावरून ओळखलं त्यांनी.

त्या दिवसापासून ते चेंडू दाबायला लागलेत, असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं. तसं काही झालेलं नाही. पण दुपारी भात दोनदा मागून घेतला.

तुझी फेब्रुवारीतली रजा मंजूर झाल्याचं आईने सांगितलं. आपल्या पत्रांचं तिला माहीत नाही, म्हणून गुपित सांगावं तसं कुजबुजत सांगितलं. तुम्ही दोघी फोनवर काय बोलता ते मी विचारत नाही.

हर्षा


१३ फेब्रुवारी २०२६
कॉलेज, वाचनालय

ताई,

आत्ता पावणेअकरा. तुझी गाडी वेळेवर असेल तर तू घरी पोचून तास होऊन गेला असेल. आई मेसवर आहे आणि मी मुद्दाम इथे आहे. आठ वाजता निघाले, तोवर शेजारच्या प्रयागबाई येऊन बाबांपाशी बसल्या. तू आलीस की त्या उठून जातील, तसं सांगून ठेवलंय. पाच वर्षांनी बाबांना भेटताना मधे मी नको, असं मला वाटलं. आज माझ्याकडे दोन्ही वाटा होत्या. मी ही धरली.

वर्षभरात वर्गात बसायचा हा पहिलाच दिवस. मॅडम इतक्या बुटक्या आहेत हे मी विसरूनच गेले होते. कॅमेऱ्यात कायम वरून पाहत असल्यासारख्या दिसायच्या. फळ्यावर वरचं लिहायला त्या चक्क पाय उंचावतात. पंख्याचा आवाज केवढा असतो! आणि बाकावर शेजारी माणूस असतो, त्याच्या डब्यातल्या लोणच्याचा वास येतो. भिवापूरचा मुलगाही आज आला होता, गाईशिवाय.

अनिशच्या शेजारची जागा रिकामी होती. मी बसले तर म्हणाला, "सॉरी, इथे टॅब्लेट असते. घरच्या लोकांची जागा आहे."

"मी घरचीच आहे," म्हटलं. "हर्षा. नत्थूजींची."

तो ओरडलाच, "अबे यार! काकांची हर्षा? तू तर उंच आहे!" मग त्याने टॅब्लेट सरकवून मला जागा करून दिली. मी वर्षभराचे आभार एकदम मानायला गेले, तर त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "मी मागच्या वर्षी दोन महिने टायफॉइडने घरी होतो. कोणी काही सांगत नव्हतं वर्गात काय झालं ते. म्हणून."

मॅडमनी माझं नाव घेतलं आणि सवयीने थांबल्या. मग मी समोर दिसले. "आज नत्थूजी?"

"सुट्टीवर आहेत, मॅडम."

"कारण?"

यंदा पहिल्यांदा त्यांनी कोणाला कारण विचारलं. मी म्हटलं, "मोठी मुलगी घरी आलीय." मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "मंजूर."

आता इथे बसलेय, घरी काय चाललं असेल याचा विचार करत. तू दारात उभी राहिलीस तेव्हा त्यांना शब्द सापडला असेल का? की नुसतं "ते"? तू रडलीस की भांडलीस? तुम्ही काय बोललात ते मला कधीच सांगू नकोस. ते तुमचं.

शेवटचा तास संपला की बसने येते. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू.

.....

संध्याकाळ. घरी, गच्चीवर.

पत्र अर्धं राहिलं होतं ते पूर्ण करते. तुला पुढचं माहीतच आहे, तू तिथेच होतीस. पण तुझ्या लक्षात राहणार नाही म्हणून लिहून ठेवते.

मी जिन्यातच थांबले होते. आतून तुमच्या दोघांचा आवाज येत होता. तू म्हणत होतीस, "दोन घास खा ना, बाबा, काहून लहान पोरासारखं करून राहिले?" आणि बाबा म्हणाले, "मीठ!" मोठ्याने. तू म्हणालीस, "मीठ डॉक्टरनं कमी सांगितलं." बाबा पुन्हा, "मीठ!" पाच वर्षांनी भेटलात आणि मिठावरून भांडत होतात. मी तिथे पायरीवर बसून पुष्कळ रडले, मग ओढणीने तोंड पुसलं आणि आत आले.

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. बाबांनी मात्र एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे, आणि दोघींमध्ये डावा हात हलवला, कोणी चौकात गाड्या थांबवतं तसा. मला वाटलं, मी परत बाहेर जावं. चप्पल पायातच होती.

तू वाटीतला भात कालवत होतीस. मान खालीच होती. मग तू म्हणालीस, "उभी काहून राहिली वं? हात धुऊन घे, तुह्यं ताट वाढलं हाय. भात थंडा होऊन राहिला."

तुझ्यासाठी हे साधंच असेल. अजून तू मला माफ केलेलं नाहीस, ते मला कळतं. मी हात धुतले. तुझ्या हातचं वरण पाच वर्षांनी जेवले. त्यात मीठ खरंच कमी होतं, आणि मी तीनदा वाढून घेतलं.

खालून आई हाक मारतेय. हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून पाकीट घेतलं नाही. तू जिन्यातून वर येऊन राहिलीस, पावलं ऐकू येताहेत. हातातच देते.

हर्षा